मीटर खोटं बोलतोय की पाय? पॉवर मीटरच्या निमित्ताने मोजमापाच्या चुकांविषयी

पीएचडीला नुकतंच रजिस्ट्रेशन झालेली एक ज्युनिअर परवा कॅन्टीनमध्ये विचारत होती, "ताई, इन्स्ट्रुमेंट चुकीचं दाखवतंय हे कळतं कसं? ते तर आकडा दाखवतच असतं ना!" प्रश्न साधा वाटतो, पण संशोधनातली निम्मी डोकेदुखी त्यात आहे. बंद पडलेलं यंत्र त्रास देत नाही, ते बंद आहे हे दिसतं. त्रास देतं ते चालू असलेलं, नीट दिसणारं आणि थोडंसंच चुकणारं यंत्र.

याचं उत्तर मला लॅबमध्ये नाही, सायकलवर मिळालं. तेव्हा आज सायकलच्या पॉवर मीटरबद्दल बोलू. तुम्ही सायकल चालवत नसाल तरी वाचा, कारण शेवटी आपण लॅबमध्येच परतणार आहोत.

काय झालं होतं

मी गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये उतरले होते. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं, मिळून ११३ किमी. मैलांत ७०.३, म्हणून ते नाव. पहिल्यांदाच करणाऱ्याला सगळे एकच सांगतात: सायकलवर हात राखून जा, नाहीतर धावताना भोगावं लागेल. हात राखायचा म्हणजे किती, ते पॉवर मीटर सांगतो. माझी तासभर टिकवता येईल अशी शक्ती साधारण २०० वॅट, म्हणून ९० किमीसाठी ठरवलं होतं १५० वॅट, म्हणजे ७५ टक्के.

पोहून बाहेर आले, सायकलवर बसले, आणि नेहमीच्या जोरात पॅडल मारताना मीटरवर १३०-१३२. मला वाटलं, पोहून पाय थंड पडले असतील. जोर वाढवला, आकडा १५० वर आणला आणि पावणेतीन तास तिथेच ठेवला. सायकल संपली तेव्हा मी स्वतःवर खूश होते, अगदी ठरल्याप्रमाणे झालं म्हणून. धावायला लागल्यावर आठव्या किलोमीटरला पाय संपले. उरलेलं अंतर बहुतेक चालत पूर्ण केलं.

घरी परतताना डोक्यात दोनच शक्यता होत्या. एक तर माझी तयारी कमी पडली, किंवा मीटर चुकला. दुसरी शक्यता मनाला बरी वाटणारी होती, म्हणूनच तिच्यावर पटकन विश्वास ठेवणं धोक्याचं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी ते उलटं होऊन परत येणार आहे.

मीटर नेमकं काय मोजतो

कोणत्याही यंत्राची चूक शोधायची तर पहिला प्रश्न असा: हे यंत्र खरंच काय मोजतं, आणि काय नुसतं हिशेबाने काढतं?

पॉवर मीटर शक्ती मोजत नाही. तो दोन गोष्टी मोजतो आणि त्यांचा गुणाकार दाखवतो:

शक्ती = टॉर्क × कोनीय वेग

टॉर्क म्हणजे क्रँकला बसणारा पीळ आणि कोनीय वेग म्हणजे क्रँक किती भरभर फिरतो ते. मिनिटाला ८५ फेरे असतील तर कोनीय वेग सेकंदाला ८.९ रेडियन.

यातला टॉर्क मोजायला स्ट्रेन गेज वापरतात. धातूवर जोर आला की तो अगदी किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेली बारीक वाहक पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. हा बदल इतका लहान असतो की तो पकडायला व्हीटस्टन ब्रिज लागतो. हो, तोच, बारावीच्या प्रॅक्टिकलमधला! जर्मनीच्या उलरिख शोबरर यांनी १९८० च्या दशकात हीच कल्पना सायकलच्या क्रँकमध्ये बसवली आणि तिथून आजचे पॉवर मीटर आले. तुमच्या लॅबमधल्या लोड सेलच्या पोटातही बहुधा हेच असतं.

आता चूक कुठे कुठे शिरू शकते ते बघा. टॉर्कमध्ये, वेगामध्ये, किंवा मीटरकडून स्क्रीनपर्यंतच्या वाटेत. शोध घ्यायचा तो याच क्रमाने उलटा, म्हणजे सोपं आणि तपासायला स्वस्त ते आधी.

आधी सोपे संशयित

*वाट:* ट्रायथलॉनमध्ये शेकडो सायकली एकाच आवारात उभ्या असतात आणि प्रत्येकीवर सेन्सर. तिथे उभं राहून नव्याने 'सेन्सर शोधा' केलंत तर शेजारच्याचा मीटर पकडला जाऊ शकतो. म्हणून जोडणी घरीच करायची आणि सेन्सरचा क्रमांक लिहून ठेवायचा. बॅटरी उतरली तर आकडे मधूनच गायब होतात. माझ्या फाइलमध्ये एकही खंड नव्हता आणि क्रमांक माझाच होता. हा संशयित सुटला.

*वेग:* फेरे चुकीचे मोजले गेले तर शक्ती त्याच प्रमाणात चुकते. फेरे दुप्पट दिसले तर शक्तीही दुप्पट. खराब रस्त्यावर हादऱ्यांमुळे काही सेन्सर गोंधळतात. माझ्या फाइलमध्ये ८४ ते ८६ अशी सरळ रेघ होती, आणि ते मला पायांनाही जाणवत होतं. हाही सुटला.

*सेटिंग:* पॅडलमध्ये बसणारे मीटर बल मोजतात आणि क्रँकची लांबी तुमच्याकडून घेतात. क्रँक १७० मिमी असताना १७५ भरलंत तर शक्ती कायमची २.९ टक्के जास्त दिसणार. काही मीटर फक्त डाव्या पायाचं मोजून दुप्पट करतात. तुमचा डावा पाय ४८ टक्केच काम करत असेल तर खरे १५० वॅट १४४ दिसतील, आणि थकल्यावर हा वाटा बदलत गेला तर चूकही बदलत जाईल. माझा मीटर चेनरिंगपाशी बसणारा, दोन्ही पायांचा एकत्र टॉर्क मोजणारा, त्यामुळे हे दोन्ही मला लागू नव्हतं.

*सरासरी:* पॅडल न मारलेले सेकंद शून्य म्हणून धरायचे की सोडून द्यायचे, हे स्क्रीनच्या सेटिंगवर असतं. दोन मित्रांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा मीटर बरोबर असून सरासरी काढण्याची पद्धतच वेगळी निघते, असंही होतं.

एवढं झाल्यावर उरला टॉर्क.

दोन प्रकारच्या चुका, दोन वेगळे ठसे

इथे थोडं थांबा, हा भाग सगळ्यात कामाचा आहे. सेन्सरची चूक मुख्यतः दोन प्रकारची असते.

एक, शून्य सरकणं, म्हणजे ऑफसेट. काहीही जोर नसताना मीटर शून्याऐवजी समजा उणे दोन न्यूटन-मीटर धरून बसतो. मग प्रत्येक वाचनात तेवढेच दोन कमी.

दोन, उतार चुकणं, म्हणजे स्लोप. शून्य बरोबर, पण वाढ चुकीच्या प्रमाणात. प्रत्येक वाचन समजा पाच टक्के कमी.

एकाच वाचनावरून हे दोन ओळखता येत नाहीत. १०० आणि २०० वॅट अशा दोन ठिकाणी बघितलं तर फरक दिसतो. उताराची पाच टक्के चूक १०० ला ५ वॅट आणि २०० ला १० वॅट होते. ऑफसेटची चूक त्याच फेऱ्यांना दोन्हीकडे सारखीच राहते. फेरे कमी केले तर मात्र ऑफसेटची चूकही वॅटमध्ये कमी होते, कारण टॉर्कला वेगाने गुणलं जातं.

याच गुणाकारामुळे एक फसवणूकही होते. मी आधी म्हटलं, "पॅडल थांबवलं की मीटर बरोबर शून्य दाखवतो, म्हणजे शून्य ठीक आहे." चूक! पॅडल थांबलं की कोनीय वेगच शून्य. टॉर्क कितीही चुकीचा असो, शून्याने गुणल्यावर शून्यच येणार. ती चाचणी कधीच नापास होऊ शकत नव्हती, म्हणून ती चाचणीच नव्हती.

खरा पुरावा दुसरीकडे सापडला. उतारावर मी पाय मोकळे करायला हलकं हलकं पॅडल मारत होते, मिनिटाला ७० फेरे, आणि शक्ती शून्य. एकदा नव्हे, बऱ्याचदा. साखळी थोडी तरी ओढली जात असणार, मग चार-दहा वॅट दिसायला हवेत. टॉर्कच्या आकड्यातून काहीतरी वजा होत असेल आणि स्क्रीन उणे आकडा दाखवत नसेल, तरच असं शून्य मिळतं. हा ऑफसेटचा ठसा होता. अर्थात, हा ठसाच. गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता.

वजनं टांगून परीक्षा

पद्धत अगदी घरगुती आहे. मागचा ब्रेक घट्ट बांधायचा, क्रँक आडवा ठेवायचा आणि पॅडलच्या ठिकाणी माहीत असलेलं वजन टांगायचं. टॉर्क किती यायला हवा ते कागदावर काढता येतं: वस्तुमान × ९.८ × क्रँकची लांबी. माझा क्रँक १७० मिमीचा. म्हणजे ५ किलोला ८.३, १० ला १६.७, १५ ला २५.० आणि २० ला ३३.३ न्यूटन-मीटर. वजनं लॅबच्या काट्यावर आधी मोजून घेतली. जिमच्या प्लेटवर ५ लिहिलंय म्हणून ती ५ किलोची असेलच असं नाही, हं.

पहिल्या दिवशी लॅबमध्ये मीटर शून्य केला आणि वजनं टांगली. सगळं बरोबर आलं! दोन मिनिटं मी हताश होऊन बसले. म्हणजे मीटर निर्दोष आणि माझेच पाय कच्चे?

मग शर्यतीचा आदला दिवस पुन्हा आठवला. मी मीटर शून्य कुठे केला होता? हॉटेलच्या खोलीत, एसी चालू असताना, संध्याकाळी सायकल जमा करायला जाण्याआधी. आणि शर्यत झाली उन्हात. लॅबमध्येही एसीच होता. म्हणजे मी परीक्षा घेतली ती चूक होण्याची शक्यताच नसलेल्या परिस्थितीत.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शून्य केला, सायकल उचलून गच्चीवर उन्हात नेली, तासभर ठेवली आणि पुन्हा शून्य न करता वजनं टांगली. आता आकडे आले असे: काही न टांगता उणे २.१, ५ किलोला ६.२, १० ला १४.६, १५ ला २२.९ आणि २० ला ३१.२. अपेक्षित आकड्यांतून वजा करून बघा. प्रत्येक ठिकाणी तोच २.१ चा फरक. उतार व्यवस्थित, फक्त शून्य सरकलेलं. तिथेच उन्हात पुन्हा शून्य केल्यावर सगळे आकडे जागेवर आले.

२.१ न्यूटन-मीटर गुणिले ८.९ म्हणजे जवळपास १९ वॅट. स्क्रीनवर १५० दिसत होते तेव्हा मी १६९ देत होते, ७५ च्या जागी ८४ टक्के. त्या उन्हात पावणेतीन तास.

कारण समजायला सोपं आहे. तापमान बदललं की धातू, गोंद आणि गेज सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे जोर नसतानाही ब्रिजला थोडा ताण 'दिसतो'. बरेच नवे मीटर तापमानाची दुरुस्ती करतात, काही चालता चालता स्वतःहून शून्यही घेतात. माझा जुना, सेकंडहँड घेतलेला. त्याला हे काही येत नव्हतं, आणि ते मला ठाऊक असायला हवं होतं.

वजनं नसतील तर: रस्त्यालाच विचारा

"वजनांची खटपट नको, वेगावरून शक्ती काढता येत नाही का?" येते. जेम्स मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये असं गणिती मॉडेल खऱ्या सायकलस्वारांवर तपासून दाखवलं होतं. हवेचा विरोध, टायरचं घर्षण आणि चढ यांची बेरीज करायची, साखळीतला थोडा ऱ्हास धरायचा. पण हे कुठे करायचं ते महत्त्वाचं.

समजा स्वार आणि सायकल मिळून ७० किलो. सपाट रस्ता, ताशी ३२ किमी, वारा नाही. हवेच्या विरोधाचे नेहमीचे आकडे घेतले तर सुमारे १५८ वॅट येतात. आता ताशी फक्त ७ किमीचा समोरचा वारा घाला. लागतात सुमारे २२० वॅट! गालाला जेमतेम जाणवणारी झुळूक, आणि फरक ६० वॅटचा. अशा रस्त्यावर १९ वॅटची चूक काय सापडणार?

तेच आता ६ टक्के चढावर ताशी १२ किमीने करा. लागतात सुमारे १६० वॅट, म्हणजे मेहनत जवळपास तेवढीच. पण तोच समोरचा वारा इथे फक्त १० वॅट वाढवतो, कारण बहुतेक शक्ती वजन वर नेण्यात जाते. वजन काट्यावर मोजता येतं, चढाची उंची नकाशावर मिळते. पुण्यात असाल तर सिंहगडाचा चढ ही तुमची प्रयोगशाळा. फक्त झाडीतल्या, वारा नसलेल्या सकाळी जा आणि पाण्याच्या बाटल्यांचंही वजन धरा.

यातून घ्यायचं ते एवढंच: जी गोष्ट तुम्हाला मोजता येत नाही, तिचा परिणाम जिथे कमीत कमी असेल तिथे प्रयोग करा. प्रयोगाची आखणी म्हणतात ती बऱ्याच अंशी हीच.

आणि हृदयाचे ठोके? मी तेही बघितले होते. ठोके नेहमीपेक्षा जास्त होते. पण उन्हात आणि पाणी कमी पडल्यावर तीच शक्ती देतानाही ठोके चढतात. म्हणजे हा पुरावा दोन्ही बाजूंनी साक्ष देत होता. अशा साक्षीदारावर निकाल देता येत नाही, पण शंका घ्यायला तो पुरेसा असतो. ठोके चढलेले, श्वास लागलेला आणि मीटर म्हणतोय "अजून दे". तिथे मला थांबून विचार करायला हवा होता.

शर्यतीत काय करायचं

सायकलवाल्या वाचकांसाठी थोडक्यात. शून्य शर्यतीच्या सकाळी घ्या, सायकल बाहेरच्या हवेत अर्धा तास राहिल्यावर, पॅडलवर पाय नसताना. आलेला ऑफसेटचा आकडा लिहून ठेवा. रोजच्यापेक्षा तो एकदम वेगळा आला तर काहीतरी बिघडलंय. शर्यतीत आकडा विचित्र वाटला तर आधी फेऱ्यांचा आकडा बघा. तो ठीक असेल तर सुरक्षित जागी क्षणभर थांबून पुन्हा शून्य करा, काही सेकंदच जातात. तरीही पटत नसेल तर स्क्रीनवरची शक्ती झाका आणि श्वासावर, अंदाजावर चला. चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट.

आणि मीटर महागडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९ कंपन्यांचे ५४ मीटर ट्रेडमिलवर गणिती मॉडेलशी ताडून बघितले होते. सरासरी चूक एका टक्क्याच्या आसपास, पण ६ मीटर ५ टक्क्यांहून जास्त चुकत होते. सरासरी चांगली असली तरी तुमच्या हातातला मीटर त्या सहांपैकी असू शकतो.

आता लॅबमध्ये

गच्चीवरून खाली आले, सायकल जिन्याखाली लावली आणि लॅबमध्ये शिरताना समोर माझाच रिग दिसला. लोड सेल. आत स्ट्रेन गेज. गिळलेला घोट घशात अडकावा तसं झालं.

त्या वेळी मी चिकटवलेल्या जोडांची ताकद मोजत होते. सहा आठवड्यांचा डेटा होता आणि त्यात एक छान निष्कर्ष निघाला होता: दुपारी तपासलेले जोड सकाळच्यापेक्षा कमी ताकदीचे. मी त्याला हवेतल्या ओलाव्याचं कारणही शोधलं होतं, दोन पानांची चर्चा लिहून सरांना पाठवली होती. वही उघडली. लोड सेलचं शून्य रोज फक्त सकाळी घेतलेलं. आणि आमच्या खोलीतला एसी जेवणाच्या सुट्टीत बंद व्हायचा.

सरांकडे जाताना पाय जड झाले होते. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, मग शून्य घेऊन परत कर की." तीन आठवडे लागले. प्रत्येक नमुन्याआधी आणि नंतर शून्य लिहीत गेले. सकाळ-दुपारचा फरक जवळजवळ गेला, उरला तो मोजमापाच्या अनिश्चिततेच्या आत. ती दोन पानं काढून टाकली.

आता ते उलटं वाक्य. शर्यतीत मी हरले होते, म्हणून मीटरवर संशय घेतला. लॅबमध्ये निष्कर्ष मनासारखा होता, म्हणून सहा आठवडे यंत्राकडे वळूनही बघितलं नाही. सेन्सर तोच, चूक तीच, फरक माझ्या इच्छेत होता. तेव्हा निकाल आवडला नाही म्हणून जेवढ्या कसून यंत्र तपासाल, तेवढ्याच कसून निकाल आवडला तेव्हाही तपासा.

तुमच्यासाठी एक गृहपाठ. उद्या लॅबमध्ये गेलात की तुमचं रोजचं यंत्र काहीही न ठेवता चालू करा आणि दर तासाला त्याचं वाचन लिहा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सोबत खोलीचं तापमान लिहा. नमुना लागत नाही, परवानगी लागत नाही, खर्च शून्य. रेघ सरळ आली तर छान, निश्चिंत मनाने पुढे जा. वाकडी आली तर थीसिस लिहिताना कळण्यापेक्षा आज कळलं, हे बरंच म्हणायचं.